कार्डावरून बिलापेक्षा जास्त रक्कम कापली गेली, तर पैसे परत कसे मिळवायचे

हॉटेलचं बिल ६,८४० रुपये, आणि क्रेडिट कार्डाच्या स्टेटमेंटवर ८,६४०. तुम्ही बँकेच्या कस्टमर केअरला फोन करता. पलीकडून पहिला प्रश्न येतो, "हा व्यवहार तुम्ही केलाय का?" आणि रागाच्या भरात तोंडातून निघतं, "नाही, हा फ्रॉड आहे."

बहुतेक तक्रारी तिथेच बिघडतात. बँक ताबडतोब कार्ड ब्लॉक करते आणि फसवणुकीची तक्रार नोंदवते. नंतर तपासात दिसतं की मशीनवर पिन तुमच्याच हातानं टाकलेला होता. मग "व्यवहार ग्राहकाच्या संमतीनेच झाला आहे" असं पत्र पाठवून बँक फाइल बंद करते. जास्तीचे १,८०० रुपये खरोखर तुमचे असतात, कागदही तुमच्या बाजूचे असतात, पण तक्रार चुकीच्या रकान्यात गेल्यामुळे ते कागद कुणी उघडूनही पाहत नाही. म्हणून फोन उचलण्याआधी दहा मिनिटं बसा आणि आपली तक्रार नेमकी कोणती, ते ठरवा.

तक्रार तीनपैकी कोणती?

पहिली: व्यवहार मी केलेलाच नाही. दुसरी: व्यवहार मी केला, पण मी मान्य केलेल्या रकमेपेक्षा जास्त पैसे गेले, किंवा एकाच खरेदीचे दोनदा गेले, किंवा बंद केलेल्या सबस्क्रिप्शनचे पुन्हा गेले. तिसरी: दुकानदाराचा संबंधच नाही, बँकेनंच काहीतरी शुल्क लावलंय. तिघांचे नियम, मुदती आणि पुरावे वेगळे आहेत. या लेखाचा मुख्य विषय दुसरी तक्रार आहे, कारण तिच्याबद्दल सगळ्यात कमी सांगितलं जातं. पण पहिलीत वेळ फार महत्त्वाची असते, म्हणून आधी ती.

व्यवहार तुमचा नसेल, तर आजच

भारतीय रिझर्व्ह बँकेनं ६ जुलै २०१७ रोजी काढलेल्या परिपत्रकानं ग्राहकाची जबाबदारी ठरवून दिली. चूक बँकेची असेल, तर तुम्ही कधीही कळवलं तरी तुमची जबाबदारी शून्य. चूक ना तुमची ना बँकेची, मधल्याच कुठल्या यंत्रणेतून माहिती फुटली असेल, तर बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास जबाबदारी शून्य. संदेश मिळाला तो दिवस यात धरत नाहीत. चौथ्या ते सातव्या दिवसांत कळवलं, तर पाच लाखांपर्यंत मर्यादा असलेल्या कार्डासाठी तुमच्यावर जास्तीत जास्त १०,००० रुपये आणि त्यावरच्या कार्डासाठी २५,००० रुपये येतात. व्यवहाराची रक्कम त्याहून कमी असेल, तर तेवढीच. सात दिवसांनंतर त्या बँकेचं स्वतःचं धोरण लागू होतं.

तुम्ही स्वतः ओटीपी किंवा पिन कुणाला सांगितला असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं आणि कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून लाज वाटली तरी लपवू नका, मिनिटामिनिटाला फरक पडतो. कळवल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत बँकेनं ती रक्कम तात्पुरती तुमच्या खात्यात जमा दाखवायची असते आणि ९० दिवसांत निकाल लावायचा असतो. ग्राहकाची चूक सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेवर आहे, हे वाक्य त्याच परिपत्रकात आहे. बँक टोलवू लागली, तर ते जरूर समोर ठेवा.

सोबत १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. एक गोष्ट मात्र कळकळीनं सांगतो: बँकेचा नंबर इंटरनेटवर शोधू नका. भामटे खोटे कस्टमर केअर नंबर तिथे पेरून ठेवतात, आणि पैसे परत मिळवायला निघालेल्या माणसाला दुसऱ्यांदा लुबाडतात. कार्डाच्या मागच्या बाजूला छापलेला नंबर किंवा बँकेचं अधिकृत अॅप, एवढंच वापरा. पैसे परत देण्यासाठी कुठलीही बँक ओटीपी मागत नाही.

व्यवहार तुमचा, रक्कम चुकीची

इथे तीन दिवसांच्या नियमाचा आधार नाही. आधार आहे तो चार्जबॅकचा, म्हणजे व्हिसा, मास्टरकार्ड, रुपे या नेटवर्कच्या नियमांनुसार तुमच्या बँकेनं दुकानदाराच्या बँकेकडून रक्कम परत मागण्याचा. ही लढाई कागदांची आहे. बँकेतला माणूस तुमच्या हॉटेलात नव्हता. त्याच्यासमोर बिल आणि स्टेटमेंट शेजारी ठेवलं की फरक आपोआप दिसायला हवा.

आधी पाहा की रक्कम खरोखर कापली गेली आहे की नुसती अडवून ठेवली आहे. हॉटेलं आणि गाडी भाड्यानं देणाऱ्या कंपन्या अनामत म्हणून मोठी रक्कम अडवतात. अॅपमध्ये ती 'पेंडिंग' दिसते आणि हिशेब झाल्यावर आपोआप सुटते. पेंडिंग नोंदीवर डिस्प्यूट, म्हणजे आकारणीवरची हरकत, सहसा घेतला जात नाही. नोंद पक्की झाली की मगच पुढे जा. अनोळखी नाव दिसलं म्हणूनही घाबरू नका. दुकानाच्या पाटीवरचं नाव एक आणि ज्या कंपनीच्या नावानं मशीन घेतलंय तिचं नाव दुसरं, असं सर्रास असतं. तारीख, वेळ आणि गाव जुळवून पाहा.

मग कागद गोळा करा: तपशीलवार बिल, मशीनमधून आलेली चार्ज स्लिप, बँकेचा एसएमएस आणि स्टेटमेंटचं पान. ऑनलाइन खरेदी असेल तर ऑर्डरचा ईमेल आणि रद्द केल्याची पोच. चार्ज स्लिपची शाई काही महिन्यांत उडून जाते, त्यामुळे तिचा फोटो लगेच काढा.

या कागदांतला एक बारकावा निकाल फिरवू शकतो. चार्ज स्लिपवर ६,८४० आणि स्टेटमेंटवर ८,६४० असेल, तर बाजू भक्कम आहे, कारण तुम्ही मान्य केलेली रक्कम वेगळी आणि वसूल केलेली वेगळी. पण स्लिपवरही ८,६४० असेल आणि फक्त बिलावर ६,८४०, म्हणजे मशीनवर आकडे उलटे टाकले गेले आणि तुम्ही न पाहता पिन दिला, तर दुकानदाराची बँक म्हणेल की ग्राहकानं रक्कम पाहून संमती दिली. तरीही हार मानायचं कारण नाही. बिल त्याच ठिकाणचं, त्याच वेळेचं, त्याच क्रमांकाचं असेल, तर तो मजबूत पुरावा आहे. फक्त अशा वेळी दुकानदाराकडून लेखी कबुली मिळवण्याला जास्त महत्त्व येतं.

म्हणून बँकेआधी दुकानदाराकडे जा. अनेक बँका डिस्प्यूट अर्जात विचारतातच की तुम्ही व्यापाऱ्याशी संपर्क केला का. त्याच दिवशी चूक लक्षात आली, तर काम सोपं आहे. मशीनचा दिवसाचा हिशेब बंद होण्याआधी दुकानदार व्यवहार तिथल्या तिथे रद्द करून योग्य रकमेचा नवा करू शकतो. रद्द केल्याची स्लिप घेतल्याशिवाय मात्र दुसऱ्यांदा पिन टाकू नका. हिशेब बंद झाल्यावर रिफंड करावा लागतो आणि त्याला काही दिवस जातात. "आम्ही रिफंड केला, तुमची बँक अडवतेय" हे उत्तर फार वेळा ऐकू येतं. त्यावर एकच मागा: एआरएन, म्हणजे रिफंडचा संदर्भ क्रमांक. खरा रिफंड झाला असेल तर तो क्रमांक असतो आणि त्यावरून तुमची बँक रक्कम शोधू शकते. क्रमांक देता येत नसेल, तर रिफंड निघालेलाच नाही असं धरून चाला.

बोलणं तोंडी झालं तरी त्याच संध्याकाळी व्हॉट्सअॅपवर किंवा ईमेलवर लिहून पाठवा: "आज आपलं बोलणं झालं, आपण १,८०० रुपये जास्त घेतल्याचं मान्य केलंत, शुक्रवारपर्यंत परत करणार आहात." समोरून नुसतं "हो साहेब" आलं तरी तो पुरावा झाला. आठवडाभर थांबा, जास्त नाही. "मालक गावाला गेलेत" आणि "अकाउंटवाले बघतायत" यांत महिने जातात, आणि मुदत तुमची संपते, त्यांची नाही.

मुदतीबद्दल: व्हिसाच्या नियमांत अशा बऱ्याच वादांसाठी १२० दिवस मिळतात, पण नेटवर्क आणि कारण बदललं की मुदतही बदलते. शिवाय त्या दिवसांत बँकेलाही आपलं काम करायचं असतं. त्यामुळे बँका ग्राहकाला त्याहून कमी दिवस देतात. स्टेटमेंट आल्यापासून महिन्याच्या आत अर्ज गेला पाहिजे, असं मनाशी पक्कं करा.

बँकेकडे अर्ज

फोन फक्त तक्रार क्रमांकासाठी. खरी तक्रार लेखीच हवी: अॅपमधला डिस्प्यूट अर्ज, आणि त्याच मजकुराचा ईमेल. फोनवर "फ्रॉड की डिस्प्यूट" असं विचारलं, तर स्पष्ट सांगा: "व्यवहार मी केला आहे, रक्कम चुकीची आहे." अर्जात कारणांची यादी असते. 'रक्कम चुकीची', 'दोनदा आकारणी', 'रिफंड मिळाला नाही', 'रद्द केलेली सेवा चालू' यांतलं एकच निवडा, जे कागदांनी सिद्ध होतं ते. दोन-तीन कारणं एकदम टिकमार्क केली की तक्रार कमकुवत होते. मजकूर असा ठेवता येईल:

"माझ्या क्रेडिट कार्डावर (शेवटचे चार अंक …) दिनांक … रोजी … या व्यापाऱ्याकडे ८,६४० रुपयांची आकारणी झाली आहे. हा व्यवहार मी केला असून माझे बिल ६,८४० रुपयांचे आहे. १,८०० रुपये माझ्या संमतीशिवाय जास्त घेतले गेले आहेत. व्यापाऱ्याशी मी दिनांक … रोजी लेखी संपर्क साधला, रक्कम अद्याप परत मिळालेली नाही. केवळ १,८०० रुपयांसाठी चार्जबॅक दाखल करावा, निर्णय होईपर्यंत या रकमेवर व्याज किंवा विलंब शुल्क लावू नये, आणि तक्रार क्रमांक लेखी कळवावा. सोबत: बिल, चार्ज स्लिप, स्टेटमेंट, व्यापाऱ्याशी झालेला पत्रव्यवहार."

यातला 'केवळ १,८०० रुपयांसाठी' हा भाग फार कामाचा आहे. जेवलात, राहिलात, आणि पूर्ण ८,६४० वर वाद घातलात, तर हॉटेल तुमच्या सहीचं रजिस्टर दाखवून सगळाच दावा फेटाळून लावेल. जेवढं चुकलं तेवढंच मागा.

भाषेबद्दल एक व्यवहारी सल्ला. मराठीत अर्ज करण्याचा आग्रह रास्तच आहे आणि शाखेनं तो घ्यायलाच हवा. पण चार्जबॅकची फाइल दुसऱ्या राज्यातल्या, कधी दुसऱ्या देशातल्या बँकेच्या टेबलावर जाते. म्हणून मराठी अर्जासोबत चार ओळींचा इंग्रजी सारांश जोडा, आणि मराठी बिल असेल तर त्यावरची एकूण रक्कम ठळक करा.

यानंतर तुमची बँक दावा नेटवर्कमार्फत दुकानदाराच्या बँकेकडे पाठवते आणि दुकानदाराला उत्तराची संधी मिळते. मधल्या काळात बँक तात्पुरती रक्कम जमा करू शकते. ती तुमची झाली असं समजून खर्च करू नका, दावा हरल्यास ती पुन्हा वजा होते. दुकानदारानं उत्तर दिलं, तर त्याची प्रत मागा. उत्तरात अनेकदा नुसती चार्ज स्लिपच असते, आणि त्यावर "स्लिपबद्दल वाद नाही, बिलाशी रक्कम जुळत नाही" एवढं लिहून बिल पुन्हा जोडलं तरी दावा तगतो. बँक स्वतःहून प्रत देईल असं धरू नका, मागावी लागते.

सबस्क्रिप्शन आणि परदेशी व्यवहार

दरमहा आपोआप जाणाऱ्या पैशांसाठी १ ऑक्टोबर २०२१ पासून कडक नियम आहेत. पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना आलीच पाहिजे, आणि त्यातून तुम्हाला तो व्यवहार किंवा पूर्ण ई-मँडेट, म्हणजे पैसे आपोआप कापण्याची तुम्ही दिलेली परवानगी, रद्द करता आलं पाहिजे. दर वाढवून जास्त रक्कम कापली गेली असेल, तर आधी हे तपासा: सूचना आली होती का, आणि मँडेट देताना कमाल रक्कम किती मान्य केली होती. सूचना नसेल, तर तक्रारीत तेच पहिलं वाक्य असू द्या. आणि सेवा नुसती अॅपमध्ये बंद करून थांबू नका. बँकेच्या ई-मँडेटच्या यादीतूनही ती काढा.

परदेशातल्या हॉटेलात किंवा दुकानात "रुपयांत बिल करू का?" असं विचारतात, किंवा न विचारताच करतात. तिथे लावलेला विनिमय दर बहुधा महाग असतो. न विचारता केलं असेल, तर चलन निवडण्याची संधी दिली नाही या कारणावर डिस्प्यूट करता येतो, त्यासाठी स्लिप जपून ठेवा. स्थानिक चलनात पैसे दिले, तरी बँकेचं परकीय चलन शुल्क, साधारण दोन ते साडेतीन टक्के, आणि त्यावर जीएसटी लागतोच. तो कार्डाच्या करारातला खर्च आहे, तो परत मिळण्यासाठी भांडू नका. रिफंड आला की त्या दिवसाच्या दरानं येतो, म्हणून शंभर डॉलर गेले आणि शंभर डॉलरच परत आले तरी रुपयांत थोडा फरक राहतो.

न्यू जर्सीत किंवा लंडनमध्ये राहणाऱ्या आपल्या माणसांनी लक्षात ठेवावं की नियम लागतो तो कार्ड देणाऱ्या बँकेच्या देशाचा, खरेदीच्या ठिकाणाचा नाही. अमेरिकेतल्या १९७४ च्या फेअर क्रेडिट बिलिंग अॅक्टनुसार पहिलं स्टेटमेंट पाठवल्यापासून ६० दिवसांत लेखी कळवावं लागतं, आणि चौकशी चालू असताना वादातली रक्कम रोखून धरता येते. ब्रिटनमध्ये कन्झ्युमर क्रेडिट अॅक्टच्या कलम ७५ प्रमाणे १०० पौंडांपेक्षा जास्त आणि ३०,००० पौंडांपर्यंत किमतीच्या खरेदीत बँक विक्रेत्याइतकीच जबाबदार असते. भारतात रक्कम रोखून धरण्याआधी पुढचा भाग वाचा.

वाद चालू असताना बिल भरायचं का?

भरा. वाद १,८०० रुपयांचा आणि बिल ४०,००० चं असेल, तर रागानं पूर्ण बिल थकवणं हा स्वतःचाच तोटा आहे. पूर्ण रक्कम भरली नाही की बिनव्याजी मुदत जाते आणि सगळ्या खरेदीवर व्याज सुरू होतं, बहुतेक कार्डांवर महिन्याला तीन ते पावणेचार टक्क्यांच्या आसपास, वर १८ टक्के जीएसटी. रिझर्व्ह बँकेच्या क्रेडिट कार्ड निर्देशांनुसार फसवणूक म्हणून वाद घातलेल्या व्यवहारावर निकाल लागेपर्यंत शुल्क लावता येत नाही. पण आपली तक्रार रकमेच्या फरकाची आहे, त्यामुळे तो बचाव आपोआप मिळेल असं गृहीत धरू नका. बँकेनं लेखी दिलं, तरच वादातली रक्कम वगळून उरलेली भरा. नाहीतर पूर्ण भरा आणि दावा चालू ठेवा. पैसे भरल्यानं दावा सोडला असा अर्थ होत नाही.

शुल्क बँकेनंच लावलं असेल

'आजीवन मोफत' कार्डावर वार्षिक शुल्क, न मागितलेला विमा, न सांगता मर्यादेबाहेरच्या वापराचं शुल्क. इथे चार्जबॅक नसतो, कारण समोरचा पक्ष बँकच आहे. पण नियम तुमच्या बाजूनं बरेच स्पष्ट आहेत. ग्राहकानं बिलावर हरकत घेतली, तर बँकेनं जास्तीत जास्त ३० दिवसांत खुलासा आणि गरज असेल तिथे कागदोपत्री पुरावा द्यायचा आहे. मर्यादेबाहेरच्या शुल्कासाठी तुमची स्पष्ट संमती हवी. म्हणून लिहा: "या शुल्कासाठी मी दिलेल्या संमतीची प्रत किंवा रेकॉर्डिंग द्यावं." या एका ओळीवर अनेक शुल्कं निमूटपणे मागे घेतली जातात.

बँक ऐकत नसेल

आधी बँकेच्या संकेतस्थळावर दिलेल्या क्रमानं वर जा, तक्रार निवारण अधिकारी आणि मग प्रिन्सिपल नोडल अधिकारी. तक्रारीपासून ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. नोव्हेंबर २०२१ पासून यासाठी एकच एकात्मिक योजना आहे. अर्ज रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रार पोर्टलवर करायचा, चौकशीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे, आणि फी नाही. टपालानं किंवा ईमेलनं पाठवायची तक्रार चंडीगडच्या केंद्राकडे कोणत्याही भाषेत पाठवता येते, म्हणजे मराठीतही. वकील लागत नाही. ३० दिवस पूर्ण झाले की उगाच रेंगाळू नका.

पण लोकपाल बँकेची सेवा तपासतो, दुकानदाराची नाही. बँकेनं चार्जबॅक वेळेत लावला, तुमचे कागद पुढे पाठवले आणि तरी दावा हरला, तर लोकपालाकडे सांगण्यासारखं फारसं उरत नाही. बँकेनं अर्ज दाबून ठेवला, मुदत घालवली, कागद न पाहता फाइल बंद केली, तर मात्र तिथे दाद आहे. त्यामुळे लोकपालाला लिहिताना हॉटेलची कहाणी दोन ओळींत आटोपा आणि बँकेनं कुठल्या तारखेला काय केलं नाही, ते क्रमानं मांडा.

दुकानदाराविरुद्ध आधी १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, आणि नंतर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, हॉटेल महाबळेश्वरला आणि तुम्ही नांदेडला असलात तरी. दोन वर्षांच्या आत जावं लागतं, पाच लाखांपर्यंतच्या मूल्याला फी नाही, आणि ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या अर्ज करता येतो. मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्था अशा तक्रारींत मार्गदर्शन करतात. हाच वाद आधीच आयोगात नेला असेल, तर लोकपाल तो घेत नाही, म्हणून बँकेविरुद्ध दोन्हीकडे जायचं असेल तर क्रम लोकपाल आधी असाच ठेवा.

पैसे परत आल्यावर

पुढच्या स्टेटमेंटवर फक्त १,८०० जमा झाले की नाही एवढंच पाहू नका. त्या रकमेवर लागलेलं व्याज, विलंब शुल्क आणि दोन्हींवरचा जीएसटीही परत आला पाहिजे. व्यवहार हप्त्यांत बदलला असेल, तर हप्ता नव्यानं मोजला गेलाय का, ते पाहा. "वाद ग्राहकाच्या बाजूनं निकाली" असं बँकेकडून लेखी घ्या. दोन महिन्यांनी आपला क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे कर्ज आणि कार्डाच्या परतफेडीची नोंद, काढा; प्रत्येक क्रेडिट माहिती कंपनीकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट मोफत मिळतो. वादातली रक्कम थकबाकी म्हणून दिसत असेल, तर त्याच कंपनीच्या संकेतस्थळावर दुरुस्तीचा अर्ज करा आणि बँकेचं पत्र जोडा. ३० दिवसांत दुरुस्ती झाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मागण्याचा हक्क तुम्हाला आहे.